प्रवेश म्हणजे शब्द



वेळेवर पोचलेल्यांना नमस्कार, आणि जे अजून हेब्बाळच्या पुलावर अडकलेत त्यांनाही नमस्कार. हेब्बाळमध्ये सहाचं व्याख्यान साडेसहाला सुरू होतं, यात संयोजकांचा काही दोष नाही.

पुलाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझा आजचा विषयही पुलाचाच आहे. कॉलेजच्या भाषेत त्याला ‘ब्रिज कोर्स’ म्हणतात, सरकारी भाषेत ‘उपचारात्मक अध्यापन’, आणि स्टाफरूममध्ये, दार लावून घेतल्यावर, ‘कच्च्यांचा वर्ग’. आपल्या पुलावरून रोज जाणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाडी अडते ती चढताना आणि उतरताना, जिथं चार रांगांच्या दोन होतात तिथं. म्हणून तर मुख्य पूल बांधून झाल्यावरही त्याला नवे रॅम्प जोडत बसावं लागलं. शाळेतून कॉलेजात चढताना मुलं नेमकी अशीच अडतात. आणि आपण काय करतो? हॉर्न वाजवतो.

मी बेंगळुरूतल्या एका खासगी कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवलं. आधी बीएस्सीला, मग बीएस्सीची मुलं आटली तेव्हा बीसीएला. त्या अनुभवातून मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, कच्चं कोणाला म्हणायचं. दोन, कच्च्यांचा वर्ग भरतो कसा आणि मोडतो कसा. आणि तीन, तो चालवणं हे काम कोणाचं. तिसरी गोष्ट थोडी झोंबेल. म्हणून ती शेवटी ठेवली आहे, तोवर चहा होईल.

पहिली गोष्ट. कच्चं कोणाला म्हणायचं?

बीसीएचा पहिल्या सेमिस्टरचा वर्ग. फळ्यावर एक लांबलचक उदाहरण, आणि त्यातली बारीकशी पायरी म्हणजे दोन अपूर्णांकांची बेरीज. मागच्या बाकावर उदगीरकडचा एक मुलगा बसायचा. बारावीपर्यंत मराठी माध्यम, थोरला भाऊ मान्यता टेक पार्कला सिक्युरिटीत, त्याच्या खोलीवर राहून शिकणारा. मी म्हटलं, “एलसीएम काढ.” तो उभा राहिला आणि गप्प. वर्ग हसला. मी बेळगावचा, त्यामुळे तोंडातून सहज मराठी निघालं, “अरे, लसावि येतो का काढायला?” “येतो की सर!” म्हणाला, आणि तोंडी काढून मोकळा झाला. त्याच्या शेजारी चित्रदुर्गकडचा मुलगा होता. तो हळूच म्हणाला, “लसाअ?” आपला लघुतम साधारण विभाज्य, म्हणून लसावि. कन्नडमध्ये लघुतम सामान्य अपवर्त्य, म्हणून लसाअ. एका बाकावर दोघं बसलेले, दोघांनाही उत्तर येत होतं, आणि माझ्या वहीत दोघांच्याही नावापुढं ‘बेसिक वीक’ असा शेरा होता.

आता मला सांगा, कच्चं कोण होतं? मुलं, की माझी वही?

थांबा. याचा अर्थ सगळ्यांना सगळं येतं आणि आडवी येते ती फक्त इंग्रजी, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीनं २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तपासलं. पाहणी होती देशभरातल्या २८ जिल्ह्यांत. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचा साधा भागाकार फक्त ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांना जमला. सुमारे चौथा हिस्सा मुलं आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचू शकली नाहीत. म्हणजे खड्डा खरा आहे, आणि खोल आहे. पण प्रत्येकाचा खड्डा वेगळ्या जागी आहे, आणि आपण तो कुठं आहे हे न बघता सगळ्यांवर एकच टोपली माती ओतत असतो.

आता अपूर्णांकांच्या बेरजेतलीच एक नेहमीची चूक बघा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. दरवर्षी काही मुलं उत्तर लिहितात, दोन पंचमांश. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. मी वर्षानुवर्षं त्यावर लाल काट मारत आलो. एकदा एका मुलीला विचारलं, “हे असं का केलंस?” ती म्हणाली, “सर, एका टेस्टमध्ये दोनपैकी एक मार्क पडला, दुसऱ्यात तीनपैकी एक. एकूण पाचपैकी दोनच ना?” काय चुकलं तिचं? गुण मिळवायला तिची रीत अगदी बरोबर आहे. अपूर्णांकांच्या बेरजेला ती चालत नाही, एवढंच. त्या दिवशी मला कळलं, की चुकीलाही तर्क असतो. तो ऐकून घेतला, तर पुढचं शिकवणं पाच मिनिटांचं काम. ऐकलाच नाही, तर पाच वर्षं काट मारत बसा.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० साली प्रवेशाची दारं सगळ्यांना खुली केली, तेव्हा तिथंही अशीच मुलं आली. मीना शॉनेसी नावाच्या बाईंनी मुलांचे सुमारे चार हजार प्रवेश-निबंध घेतले आणि त्यांतल्या चुका गोळा केल्या. १९७७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की या चुका आळशीपणाच्या किंवा मंदबुद्धीच्या नाहीत. त्यांना नियम आहेत. मुलांनी आपल्यापरीनं लावलेले, पण नियमच. इथं बसलेल्या शिक्षकांनी उद्यापासून एवढंच करावं. काट मारण्याआधी विचारावं, का केलंस?

आणि अजून एक. कच्चं म्हणजे कशासाठी कच्चं? याचं फार सुंदर उत्तर आपल्या दाराशीच आहे. इथल्या कृषी विद्यापीठात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, आणि त्या जागांसाठी एक प्रात्यक्षिक परीक्षा होते. बियाणं ओळखा, खत ओळखा, अवजार ओळखा. शहरातला पंच्याण्णव टक्केवाला मुलगा तिथं नाचणी आणि मोहरी हातात घेऊन उभा राहील, आणि मंड्याकडची मुलगी लांबूनच सांगेल. त्या टेबलापाशी कच्चं कोण? मुलाला काय येत नाही याची यादी तर सगळेच करतात. काय येतं, हे विचारणारी ही परीक्षा मला म्हणून आवडते.

आता दुसरी गोष्ट. वर्ग भरतो कसा, मोडतो कसा.

मोडलेला वर्ग माझाच आहे, म्हणून मोकळेपणानं सांगतो. तेव्हा मी नवा विभागप्रमुख झालो होतो आणि अंगात उत्साह होता. पहिल्या चाचणीत पस्तीसच्या खाली गेलेल्या मुलांची यादी केली, वर ठळक अक्षरांत ‘स्लो लर्नर्स’ लिहिलं आणि नोटीस बोर्डावर लावली. वर्गाची वेळ साडेचार. शिकवायला सर्वांत नवे, सर्वांत कमी पगाराचे व्याख्याते, कारण सीनियर मंडळींना ‘वर्कलोड’ होता. पहिल्या दिवशी अठ्ठावीस मुलं आली. दुसऱ्या आठवड्यात नऊ. तिसऱ्या आठवड्यात व्याख्याते एकटेच बसून पेपर तपासत होते. नोटीस बोर्डाजवळ गेलो तर यादीतली तीन नावं कुणीतरी ब्लेडनं खरवडून काढली होती. ज्यांची त्यांनीच काढली असणार.

मी स्टाफरूममध्ये येऊन म्हणालो, “यांना शिकायचंच नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. असं वाक्य बोललं, की स्टाफरूममध्ये माना आपोआप डोलतात.

मग एका शिपायानं मला शहाणं केलं. तो म्हणाला, “सर, बस सव्वाचारला सुटते.”

कॉलेजची बस सव्वाचारला सुटत होती आणि मी वर्ग साडेचारला ठेवला होता! थांबलेल्या मुलाला दोन बस बदलून, पदरचे पैसे घालून घरी जावं लागणार. उशिरा पोचला तर पार्टटाइम काम बुडणार. आणि एवढं सगळं कशासाठी? ‘स्लो’ म्हणवून घेण्यासाठी! मी तरी गेलो असतो का?

वेळापत्रक मुलाकडं बघून आखायचं असतं, हे आपल्याकडं फार पूर्वी कुणी करून दाखवलं आहे? १९४५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथले वर्ग सकाळचे होते. का? तर नोकरी करून शिकणाऱ्याला दहा-अकराला कामावर पोचता यावं म्हणून. ‘नोकरी करतोस, मग कॉलेज कशाला?’ असं त्याला कुणी विचारलं नाही. घड्याळच हलवलं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली शिवाजी कॉलेज काढलं आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व कॉलेजपर्यंत नेलं. त्याकाळी मुलांच्या हातात कुदळ होती, पण कपाळावर चिठ्ठी नव्हती. या दोघांना ‘रेमेडियल’ हा शब्द वापरावा लागला नाही. त्यांनी गरीब, पहिल्या पिढीतला, थकून आलेला मुलगा डोळ्यांपुढं ठेवूनच कॉलेज काढलं होतं. आपण आधी सुखवस्तू मुलगा डोळ्यांपुढं ठेवून कॉलेज काढतो आणि मग उरलेल्यांसाठी साडेचारचा वर्ग.

दुसरा धडा कॅलिफोर्नियातला. १९७० च्या दशकात बर्कलीला उरी ट्राइसमन या तरुण गणित शिक्षकाला प्रश्न पडला, की कॅलक्युलसमध्ये काळे विद्यार्थी मागं का पडतात आणि चिनी वंशाचे पुढं का जातात? सगळ्यांची उत्तरं तयार होती. घरची परिस्थिती, जिद्द नाही, शाळा वाईट. तो उठला आणि मुलांच्या मागं मागं त्यांच्या खोल्यांवर गेला. त्याला काय दिसलं? काळी मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी मुलं टोळक्यानं बसून एकमेकांच्या चुका काढत होती. मग त्यानं उपचारात्मक वर्ग काढलाच नाही. उलट, मुलांना बोलावून सांगितलं, तुमच्यासाठी जास्त अवघड गणितांची कार्यशाळा आहे, गटानं सोडवायची. मुलं आली, टिकली आणि पास झाली.

खालचं शिकवायचं असेल तर वरच्याच्या हाताला धरून शिकवा, हे त्यातलं मर्म. बाकी अमेरिकेलाही ते उशिराच उमगलं. आधी वर्षभर पाढे, मग खरा अभ्यासक्रम, अशी उतरंड लावली की मुलं मधेच गळतात. म्हणून कॅलिफोर्नियानं २०१७ साली कायदाच केला, की सामुदायिक महाविद्यालयांनी मुलांना सरसकट उपचारात्मक वर्गात ढकलायचं नाही, मूळ विषय शिकतानाच जोडीला मदत द्यायची.

आता एक गंमत सांगतो, बेंगळुरूचीच. आमच्या शेजारच्या अभियांत्रिकी कॉलेजात महाराष्ट्रातून मुलगा आला, की विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या नियमानं त्याला कन्नडचा पेपर असतो. ज्यांना कन्नड येतं त्यांचा पेपर वेगळा, न येणाऱ्यांचा वेगळा. न येणाऱ्यांच्या पेपरला आधी ‘व्यावहारिक कन्नड’ म्हणत, पुढं ‘बळके कन्नड’ म्हणू लागले, म्हणजे वापरातलं कन्नड. सुरुवात कुठून? “निम्म हेसरेनु?” तुमचं नाव काय? वीस वर्षांचा घोडा अ-आ-इ-ई पासून शिकतो, आणि त्याला कुणी स्लो लर्नर म्हणत नाही. त्याचा एक क्रेडिटही मिळतो. त्याच विद्यापीठात, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांसाठी, जादा गणिताचे दोन पेपर होते. २०१८ च्या आराखड्यात ते सक्तीचे होते, आणि क्रेडिट? शून्य.

काय समजायचं? भाषा येत नसेल तर ती शिकवायची गोष्ट, गणित येत नसेल तर ती लाजायची गोष्ट? ज्या सहजतेनं आपण परक्या मुलाला ‘निम्म हेसरेनु’ शिकवतो, त्याच सहजतेनं त्याला लसावि का शिकवता येत नाही?

आणि आता तिसरी गोष्ट. हे काम कोणाचं?

कॉलेज म्हणतं, शाळेचं. शाळा म्हणते, आठवीपर्यंत नापास करू देत नव्हते. पालक म्हणतात, एवढी फी भरली, आता तुमचं तुम्ही बघा. हा चेंडू मी आयुष्यभर पाहत आलो.

खासगी कॉलेज या गोष्टीचं मराठी माणसाशी जुनं नातं आहे. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. त्याच्या आधी सोलापूर-कोल्हापूरची, मराठवाड्याची मुलं डोनेशनची पिशवी घेऊन याच कर्नाटकात यायची. आपल्यातले काही ज्येष्ठ हसताहेत, त्यांना पिशवी आठवत असेल. पुढं अशा डोनेशनविरोधात, म्हणजे कॅपिटेशन फीविरोधात, कर्नाटकानं १९८४ साली कायदा केला, महाराष्ट्रानं १९८७ साली. आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात मोहिनी जैन यांच्या खटल्याचा निकाल लागला. मुलगी मेरठची, मेडिकल कॉलेज इथून तासा-दीड तासावरचं, तुमकूरचं. सरकारी जागेला वर्षाला दोन हजार, कर्नाटकातल्या इतरांना पंचवीस हजार आणि बाहेरच्यांना साठ हजार. कॅपिटेशन फी बेकायदा, असं न्यायालयानं बजावलं. त्यानंतर उन्नीकृष्णन खटला, टी. एम. ए. पै खटला, अकरा न्यायमूर्तींचं पीठ. फी किती घ्यावी, कोणाकडून घ्यावी, जागा कोणी भराव्यात, यावर पानंच्या पानं लिहिली गेली.

माझा साधा प्रश्न आहे. घेतलेल्या फीच्या बदल्यात काय द्यायचं, यावर कोणी भांडलं का?

विद्यापीठ अनुदान आयोगाची उपचारात्मक वर्गांची योजना होती. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक मुलांसाठी. चांगली होती. पण आयोगाचं अनुदान मिळायला कॉलेज त्यासाठी पात्र असावं लागतं, आणि विनाअनुदानित खासगी कॉलेजं बहुतेक त्या कुंपणाबाहेरच. मग आलं मूल्यांकन. देशभरची कॉलेजं तपासणारी नॅक ही संस्था १९९४ पासून आपल्याच शहरात आहे. तिच्या प्रश्नावलीत वर्षानुवर्षं एक प्रश्न होता: स्लो लर्नर आणि अॅडव्हान्स्ड लर्नरसाठी तुम्ही काय करता? प्रश्न वाजवी. उत्तर काय मिळालं? फाइल. हजेरीपट, फोटो, मुलांच्या सह्या. मीही अशा फायली केल्यात. माझ्या साडेचारच्या वर्गाची फाइल फार देखणी झाली होती.

करायचंच असेल तर कसं करता येतं, याचा दाखला सरकारी संस्थेतलाच आहे. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग मुलांना, गुण थोडे कमी पडले तर, एक वर्षाचा तयारीचा अभ्यासक्रम देतात आणि तो पार पडला की थेट प्रवेश. देशातली सर्वांत कठोर गाळणी लावणारी संस्था म्हणते, वर्ष घे, ये. आणि ज्या कॉलेजात गाळणीच नाही, मॅनेजमेंट कोट्यात चेक वटला की जागा पक्की, ते म्हणतं, मुलं कच्ची येतात, आम्ही काय करणार! अहो, तुम्हीच घेतलंत ना त्याला? गुणपत्रिका बघून घेतलंत. फीची पावती तुम्ही फाडलीत. प्रवेश दिला म्हणजे शब्द दिला. मुलगा जिथं उभा आहे तिथून त्याला पुढं नेईन, हा तो शब्द. दुकानदारानं पैसे घेतले आणि ‘गिऱ्हाईकच नीट नव्हतं’ म्हणाला, तर आपण त्याला काय म्हणू?

एक आक्षेप रास्त आहे, तो टाळत नाही. वेळ बदलली, यादी काढून टाकली, तरी काही मुलं येत नाहीतच. खरं आहे. नंतर मी वर्ग सकाळी अकराचा केला, वेळापत्रकात घातला, नाव दिलं ‘गणित कार्यशाळा’, आणि कोपऱ्यात इंग्रजी-कन्नड-मराठी शब्दांचा एक तक्ता लावला. लसाअ, लसावि, एलसीएम, तिन्ही शेजारी शेजारी. सीनियर म्हणून तो तास मीच घेतला. तरीही चार-पाच मुलं कायम गैरहजर. मी कुणाला जादूची कांडी विकायला आलेलो नाही. पण त्या चार-पाचांबद्दल ‘यांना शिकायचं नाही’ हे वाक्य म्हणण्याचा अधिकार मला तेव्हा कुठं मिळाला, त्याआधी नव्हता.

थोडक्यात सांगतो, म्हणजे चहाला उशीर नको. मूल कुठं अडलंय हे त्याला विचारून शोधा, त्याच्याच भाषेत. मदत वेळापत्रकात घाला, बस सुटायच्या आधी, आणि चांगल्यातल्या चांगल्या शिक्षकाला तो तास द्या. आणि ज्यानं फी घेतली, त्यानं जबाबदारी घ्यावी.

शेवटी एक विनंती. तुमच्यातले पुष्कळजण पुढच्या मे-जूनमध्ये मुलीला, भाच्याला, गावाकडून आलेल्या कुणाच्या मुलाला घेऊन एखाद्या खासगी कॉलेजच्या काउंटरवर उभे राहणार आहात. तिथं एसी लावलेल्या खोलीत ते तुम्हाला प्लेसमेंटचा आकडा दाखवतील. तो बघा. पण उठण्याआधी एक प्रश्न विचारा: गेल्या वर्षी पहिल्या सेमिस्टरला गणितात नापास झालेली मुलं आज कुठं आहेत? उत्तर मिळेपर्यंत चेकवर सही करू नका.